चौकातलं जुनं दगडी कारंजं पुन्हा सुरू करायचंय: सँडब्लास्टिंग, एपॉक्सी आणि ५ एचपीचा पंप, हे बरोबर आहे का?

वेशीजवळ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या मुख्य चौकात ब्रिटिश काळातलं एक दगडी कारंजं आहे. ते बरीच वर्षं बंद आहे आणि आता नगरपरिषदेला सुरू करायचंय. रचना अशी: खाली ६ मीटर व्यासाचा गोल हौद, पाणी साधारण अर्धा मीटर राहील इतका खोल. मधल्या खांबावर दोन दगडी पराती, खालची ३ मीटरची आणि वरची दीड मीटरची. सगळ्यात वर घागर घेतलेली स्त्रीमूर्ती. घागरीचं तोंड हौदातल्या पाण्यापासून ४ मीटरवर येतं. खालच्या परातीच्या काठाला आठ सिंहमुखं आहेत, त्यांतली तीन सिमेंटनं बुजलेली. सगळ्या दगडावर पांढऱ्या तैलरंगाचे थर आहेत. हौद गळतो.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात या बाबी आहेत: सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा), मग ॲसिड वॉश, सांधे व्हाइट सिमेंटनं भरणं, हौदाला आणि परातींना आतून एपॉक्सीचा (रासायनिक राळेचा) लेप, ५ एचपीचा पंप, रंगीत दिवे आणि शेवटी बाहेरून वेदरप्रूफ रंग. हरकती-सूचना द्यायला थोडी मुदत आहे. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचं काम झालं तेव्हाही असाच रंग काढावा लागला होता म्हणतात. तिथून आम्हाला काय घेता येईल? नुसतं ‘हे चूक आहे’ म्हणून चालणार नाही, त्याऐवजी काय करायचं तेही लिहून द्यावं लागेल.

टाकी-छिन्नी

या यादीतल्या पहिल्या चार बाबी थांबवा. पंप आणि दिवे चुकले तर बदलता येतात, दगडाचा गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

आधी दगड कोणता ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्या आराखड्यावरून जेम्स फोर्सिथ यांनी घडवलेलं. दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड, म्हणजे चुनखडीचा. तुमच्याकडे काळा बेसाल्ट असू शकतो, मालाडचा पिवळसर दगड असू शकतो किंवा पोरबंदरचा. पोरबंदर दगडही चुनखडीच्याच जातीचा. ओळखायची रीत: आधीच गळून पडलेला एखादा कपचा घ्या, रंग खरवडून ताजी बाजू उघडी करा आणि तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी. ही चाचणी कपच्यावरच करायची, कारंज्यावर नाही. फसफसलं तर ‘ॲसिड वॉश’ म्हणजे दगड विरघळवणंच ठरतं. बेसाल्ट असला तरी ॲसिड सांध्यांतला चुना खातं आणि मागे क्षार सोडून जातं.

सँडब्लास्टिंगनं रंग निघतो, हे खरं. पण त्याबरोबर दगडाची बाहेरची घट्ट झालेली कातडी जाते. सिंहाची आयाळ, मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या, टाकीचे मूळ घाव बोथट होतात. आतला सच्छिद्र भाग उघडा पडतो, तो पाणी जास्त पितो, शेवाळ जास्त धरतो आणि दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा काळा दिसतो.

तैलरंग काढायची पद्धत अशी लिहून द्या:

मागच्या, सहज न दिसणाऱ्या बाजूला १५ × १५ सेंमीचे तीन-चार नमुना चौकोन आखा. प्रत्येकावर वेगळी रीत वापरा: एकावर जेलसारखं, कॉस्टिक नसलेलं पेंट रिमूव्हर, दुसऱ्यावर कमी दाबाची कोरडी वाफ, तिसऱ्यावर दोन्ही. जेल २-३ मिमी जाड लावायचं, वर पॉलिथिन घट्ट बसवायचं म्हणजे ते सुकत नाही, आणि काही तास ते रात्रभर ठेवायचं. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं रंग उचलायचा, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, साध्या नळाच्या दाबानं धुवायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे कण दगडात अडकून गंजतात आणि तांबूस डाग पडतात. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो म्हणून पुढे केला जातो, पण तो दगडात शिरला की नंतर पांढरे क्षार होऊन फुलतो आणि पापुद्रे पाडतो.

नमुने निदान दोन-तीन आठवडे तसेच राहू द्या. त्या काळात पांढरी भुकटी फुलते का, डाग वर येतो का ते पाहा आणि मगच रीत पक्की करा. थर काढताना प्रत्येक रंगाचा छोटा तुकडा पाकिटात ठेवून नोंद करा. सगळ्यात खालचा थर चुन्याच्या सफेदीचा निघाला तर ती मूळची असू शकते, तिथं थांबून तज्ज्ञाला दाखवायचं.

रंग निघाला की दगडातले क्षार ओढून काढायचे. कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून १५-२० मिमी जाडीचा लेप द्यायचा. तो सुकत जाताना आतलं खारट पाणी बाहेर ओढतो. पूर्ण सुकून सुटला की काढून टाकायचा आणि नवा लावायचा. दोन-तीन फेऱ्या लागतात. ही बाब अंदाजपत्रकात हटकून राहते.

आणि ‘वेदरप्रूफ रंग’ तर नकोच. दगड मागून, खालून, सांध्यातून ओला होत राहतो. ते पाणी बाहेर पडायची वाट रंगानं बंद केली की ते रंगामागे क्षार साठवतं आणि पापुद्रा दगडासकट सुटतो. इतके थर का चढले असतील याचंही उत्तर यातच आहे: प्रत्येक थर सोलवटला म्हणून त्यावर पुढचा दिला गेला.

वेशीजवळ

फार उपयोगी, आभार. सांध्यांचं काय करायचं? दोन ठिकाणी परातीला उभ्या चिरा आहेत आणि चिरेतून गंजाचा ओघळ आलाय.

टाकी-छिन्नी

गंजाचा ओघळ म्हणजे आत लोखंडी खुंटी किंवा क्रॅम्प आहे. जुन्या कामात दगड एकमेकांना लोखंडी क्रॅम्पनं जोडून वर शिसं ओतत. शिसं शाबूत असेपर्यंत लोखंड टिकतं. पाणी शिरलं की गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. दगड चिरतो तो त्या दाबानं. वरून चीर भरली तर वर्षभरात शेजारी दुसरी दिसेल. सांधा उघडून क्रॅम्प काढायचा आणि त्याच खाचेत एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) चा बसवायचा. किनारपट्टीच्या गावी ३०४ नको, खाऱ्या हवेत त्याला टाचणीएवढी भोकं पडतात. किती क्रॅम्प आहेत हे तोडून बघायची गरज नाही, काँक्रीटमधल्या सळ्या शोधायचं यंत्र दगडातलं लोखंडही दाखवतं.

सांध्यांना चुनाच, सिमेंट नाही. व्हाइट सिमेंट दिसायला चुन्यासारखं असलं तरी कठीण आणि बंद असतं. सांध्यापेक्षा दगड मऊ झाला की पाणी दगडातून वाट काढतं आणि कडा झिजतात, सांधा मात्र कपाळावरच्या शिरेसारखा वर उरतो. सतत ओल्या जागी साधा हवेवर धरणारा चुनाही पुरत नाही, त्यात सुरखी हवी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेची चाळलेली भुकटी. प्रमाण असं: मुरवलेला चुना १ भाग, सुरखी १ भाग, धुतलेली धारदार वाळू १ ते २ भाग. चुना निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला हवा. न विरलेली कळी आत राहिली तर ती नंतर फुगून सांधा उचकटते. तयार नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्यातही धरणारा) चुना मिळाला तर ३.५ दर्जाचा घ्या.

जुना सांधा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करायचा. हातोडी-छिन्नीनंच करा, ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. धूळ काढायची, दगड ओला करायचा पण पाणी तुंबलेलं नको, आणि चुना थरांनी दाबत भरायचा. त्यावर ओलं गोणपाट १० ते १४ दिवस. त्यानंतरही तीन-चार आठवडे हौद भरायचा नाही, आणि उद्घाटनाची तारीख ठरली की सगळ्यात आधी याच दिवसांवर गदा येते. काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकावं. मे महिन्यात चुना धरण्याआधीच सुकतो, आषाढात धुऊन जातो.

पंपघर

दगडाचं वर आलंच आहे, मी पाण्याचं लिहितो. ५ एचपी कुठून आला ते कळत नाही. हिशेब करून बघा.

वरच्या परातीचा काठ व्यास दीड मीटर म्हणजे परीघ ४.७ मीटर. काठावरून सलग पडदा पडायला पाण्याची जाडी साधारण ६ मिमी लागते, आणि तेवढ्याला दर मीटरला मिनिटाला सुमारे ५० लिटर जातं. म्हणजे वरच्या परातीला मिनिटाला २४० लिटर, सेकंदाला ४ लिटर. तेच पाणी खाली ३ मीटरच्या परातीत येतं. तिचा परीघ ९.४ मीटर, तेवढ्या लांबीवर पसरलं तर जाडी ४ मिमीपेक्षा कमी होते आणि पडदा तुटून पाणी दगडाच्या पोटाला चिकटून ओघळतं. म्हणूनच तिथं सिंहमुखं आहेत: पाणी काठावरून नाही, आठ तोंडांतून पडायचं. तीन बुजलेली असताना पाणी काठ ओलांडतं आणि नेमक्या त्या ठिकाणी परातीच्या पोटावर पांढरे-हिरवे ओघळ दिसतात. तुमच्याकडे ते तसे आहेत का बघा. आधी ती तोंडं मोकळी करा.

आता उंची. घागर ४ मीटर, धारेसाठी अर्धा मीटर, नळी आणि वळणांतलं नुकसान दीड मीटर, थोडी सवलत धरून ७ मीटर हेड, म्हणजे पंपाला पाणी चढवायची एकूण उंची. सेकंदाला ४ लिटर ७ मीटर चढवायला पाण्याला लागणारी शक्ती सुमारे २७५ वॉट. छोट्या पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर ६१० वॉट. म्हणजे १ एचपी. वाटल्यास दीड एचपीचा घ्या आणि व्हॉल्व्हनं आवरा. पण एकसारखे दोन घ्या, एक चालू, एक राखीव, दर आठवड्याला अदलाबदल. ५ एचपीनं घागरीतून ओघळ न पडता फवारा उडेल, वाऱ्यानं तो रस्त्यावर जाईल आणि हौद रोज भरावा लागेल. मधली धार जितकी उंच, निदान तितकं अंतर तिच्यापासून हौदाच्या कडेपर्यंत हवं. वाऱ्याच्या चौकात त्याहून जास्त.

खांबाच्या आतला जुना नळ बहुधा बिडाचा किंवा शिशाचा असेल. तो उपटू नका, दगड फुटतो. त्याच्याच पोटातून नवी एचडीपीई (जाड प्लास्टिकची) नळी न्या. सेकंदाला ४ लिटरसाठी आतला व्यास ५० मिमी असला तर वेग २ मीटर येतो, तेवढा ठीक. भोकात ४० मिमीचीच बसत असेल तर वेग ३ मीटरच्या वर जातो, आवाज आणि नुकसान दोन्ही वाढतात. मग वरच्या परातीचा प्रवाह कमी करून खालच्या परातीला वेगळी नळी द्या. नळीभोवती सिमेंट ठासून भरायचं नाही. ५ मीटर एचडीपीई ३० अंशांच्या फरकानं दोनेक सेंमी लांबते-आखडते, तिला हलायला जागा हवी. पंपाजवळ रबरी जोड टाका म्हणजे थरथर खांबात जात नाही. शोषणाच्या बाजूला ३-४ मिमी भोकांची स्टीलची जाळी, आणि ती हात घालून काढता आली पाहिजे. निर्माल्य, गुटख्याची पाकिटं आणि पिंपळपानं पहिल्याच आठवड्यात तिथं जमतात. पाणी कमी झालं की पंप बंद करणारा लेव्हल सेन्सर हवा. दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर हौदाबाहेर, आणि सगळ्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. मुलं हौदात उतरणार हे गृहीत धरूनच जोडणी करायची.

परातीचा काठ समतल आहे का तेही पाहा. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन आठ ठिकाणी मापा. ३ मिमीचा फरक असला तरी सगळं पाणी एका बाजूला जातं. काठ घासून समतल करायचा मोह टाळा. परात उचलून बैठकीत शिशाची पट्टी देता येते.

पंपघर

गळतीचं राहिलं. एपॉक्सी लावण्याआधी पाणी कुठून जातं ते शोधा. हौद भरा, पंप बंद ठेवा, पातळीवर खूण करा. त्याच पाण्यानं भरलेली बादली हौदात कट्ट्यावर ठेवा, तिच्यातही खूण करा. २४ तासांनी दोन्ही मोजा. बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन. मे महिन्यात देशावर ती दिवसाला ८ ते १२ मिमी असते. त्याहून जास्त जितकं घटलं ती गळती. तुमच्या हौदात १ मिमी म्हणजे २८ लिटर, १ सेंमी म्हणजे २८३ लिटर. पातळी उतरत जाऊन एका उंचीवर थांबली तर दोष त्याच उंचीला आहे, तिथल्या सांध्यात रंगीत पाणी सोडून खात्री करा. पंप बंद असताना गळत नाही आणि चालू असताना गळतं, असं असेल तर हौद निर्दोष आहे, दोष दाबाच्या नळीत किंवा उडणाऱ्या तुषारांत आहे. सगळ्यात जास्त गळती नळ जिथून तळातून वर येतो त्या भोकाभोवती सापडते. तिथं कॉलर असलेली फ्लँज (नळाभोवती घट्ट बसणारी चकती) लागते, नुसतं सील भरून भागत नाही.

तळ खचून तडकला असेल तर दगडाला एपॉक्सी चोपडण्यापेक्षा आतून ईपीडीएम रबराचं अखंड अस्तर टाका आणि त्याखाली जिओटेक्स्टाइलचं जाड कापड. पुढे कधी काढायचं झालं तर दगडाला धक्का न लावता निघतं. एपॉक्सी ऊन खाऊन पिवळं पडतं, भेगाळतं, आणि काढताना दगड घेऊन येतं. परातींना आतून काहीच लावू नका. तिथं सांधे नीट भरले की पुरतं.

उच्छ्वास

एक मुद्दा जोडतो. पंप बसवण्याआधी मूळचं पाणी कुठून येत होतं ते शोधा. या काळातली कारंजी बहुधा पंपावर चालतच नव्हती. मुंबईत विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळानं आलं आणि उंचावरच्या पाण्याचा दाब शहरात मिळू लागला. पुण्यात त्याच्या शंभरेक वर्षं आधी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पाणी आणलं होतं, वाटेत हवा बाहेर सोडायला आणि गाळ बसायला ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला तर दुरून नहरीनं पाणी येतं आणि उंचावरून पडतं. तुमच्या गावच्या टेकडीवर किंवा जुन्या पाण्याच्या टाकीकडे जाणारी बिडाची लाइन असू शकते. नगरपरिषदेच्या जुन्या पाणीपुरवठा नकाशात ती सापडेल. आज वापरता आली नाही तरी तिचं तोंड शोधून झाकण बसवा. नाहीतर खांबाखाली कुठूनतरी पाणी येत राहतं आणि गळती हौदाची समजली जाते.

फ्लोरा फाउंटनबद्दल थोडं. ते मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियानं करवून घेतलं होतं. कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांची मोठी देणगी त्यात होती. पुढे ते किल्ल्याच्या चर्चगेटच्या जागी, आजच्या हुतात्मा चौकात उभं राहिलं. अलीकडचं संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली झालं आणि जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. तिथून घ्यायची गोष्ट हीच की दगडाचं काम संवर्धनाच्या जाणकाराकडे सोपवलं गेलं. ते मुंबईच्या वारसा यादीत श्रेणी १ मध्ये आहे, त्यामुळे वारसा समितीच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तुमचं कारंजं कुठल्या यादीत आहे का ते तपासा. नसेल तर नगरपरिषदेनं ठराव करून नोंद करून घ्यावी, हरकत नोंदवताना त्याचा उपयोग होईल.

अंदाजपत्रक

सूचना लिहून द्यायच्या आहेत म्हणून सांगतो: निविदा दोन करा. एक दगडाची, एक पाणी आणि विजेची. एकच ठेवली तर ती रंगकाम किंवा पंपाचा कंत्राटदार घेतो आणि दगडाचं काम पोटकंत्राटात जातं. दगडाच्या निविदेत ‘नमुना चौकोन मंजूर झाल्याशिवाय पुढे जायचं नाही’ ही अट आणि त्यासाठी वेगळा कालावधी घाला. कामाआधीची मापं घेतलेली रेखाटनं आणि चारही बाजूंचे फोटो हीसुद्धा स्वतंत्र, पैसे दिली जाणारी बाब असू द्या. सर्वसाधारण दरसूचीत बसणारी बाब शोधण्याच्या नादात ‘ॲसिड वॉश’ आणि ‘सँडब्लास्टिंग’ येतात, त्याऐवजी तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवून दर विश्लेषण जोडता येतं.

आणि देखभाल. कारंजी उद्घाटनानंतर सहा महिन्यांत बंद पडतात ती जाळी न काढल्यामुळे आणि वीजबिल कुठल्या खात्यातून भरायचं हे न ठरल्यामुळे. तीन वर्षांचा देखभाल करार मूळ निविदेतच हवा, त्यात रोज जाळी, आठवड्याला पराती घासणं, महिन्याला पंप-विजेची तपासणी असं नाव घेऊन लिहा.

वेशीजवळ

सिंहमुखांखाली परातीच्या पोटावर ओघळ आहेत, पंपघर यांनी सांगितले तसेच, नेमके बुजलेल्या तीन तोंडांच्या बाजूला. शेवटचं विचारतो: पाणी बोअरचं वापरायचं म्हणतायत, आणि आरोग्य विभाग डासांमुळे नको म्हणतोय.

पंपघर

बोअरचं पाणी जड असेल तर मूर्तीवर आणि काठावर पांढरा कठीण थर बसतो, आणि मग तो काढायला पुन्हा कुणीतरी ॲसिड घेऊन येतं. आधी पाण्याची तपासणी करून घ्या. कठीणपणा लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पालिकेचं नळाचं पाणी किंवा छतावरचं साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. उडून गेलेलं पाणी भरत राहिलं की क्षार साठत जातात, म्हणून महिन्यातून एकदा तरी अर्धा हौद बदला. ते पाणी झाडांना द्यायचं असेल तर क्लोरीन दोन दिवस आधी थांबवा.

डेंग्यूचा एडिस डास अंडं ते डास हा प्रवास साधारण ७ ते १० दिवसांत करतो. वाहत्या पाण्यात तो वाढत नाही, बंद कारंज्यात वाढतो. म्हणून आरोग्य विभागाला लेखी द्या: पंप रोज चालेल, पराती आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासल्या जातील (एडिसची अंडी काठाला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत), आणि आठवडाभर किंवा जास्त बंद ठेवायचं झालं तर हौद पूर्ण कोरडा केला जाईल. हौदात गप्पी मासे सोडायचे किंवा क्लोरीन वापरायचं, दोन्हीपैकी एकच. क्लोरीन असेल तर लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत, पीएच ७.२ ते ७.८, आणि ब्लीचिंग पावडर कोरडी थेट हौदात टाकायची नाही, तळाच्या दगडावर डाग पडतात. शेवाळासाठी मोरचूद तर अजिबात नको, त्याचा हिरवा-निळा डाग चुन्यातून निघत नाही.